मोतीला दोन कामं सांगावीत का?

प्रश्न : आमच्या घरी लॅब्राडोर आहे. नाव मोती, वय साडेचार वर्षं. दोन वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय अजून म्हणावा तसा साथ देत नाही. मुलाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून मोतीला थोडंथोडं शिकवलं. आता यांची काठी पडली तर मोती उचलून देतो, पायातला मोजा ओढून काढतो, हे एकटेच खुर्चीतून उठायला लागले तर स्वयंपाकघरापर्यंत येऊन भुंकतो. आमच्या ओळखीच्या एक बाई विशेष मुलांच्या शाळेत शिकवतात. त्या म्हणतात, आठवड्यातून एकदा मोतीला शाळेत आणा, लेकरं खुलतील. यांची हरकत नाही, पण माझं मन धजत नाही. घरच्या माणसाचा आधार आणि परक्या लेकरांचा सोबती, ही दोन्ही कामं एकच कुत्रा करू शकतो का? आणि आपल्याकडे असं कोणी करतं का?
— एक वाचक भगिनी, जठारपेठ, अकोला

उत्तर : ताई, करू शकतो. पण तुमचं मन का धजत नाही ते मला कळतं, आणि ती भीती सोडून देऊ नका. तिच्यामुळेच तुम्ही योग्य वेळी थांबाल.

आधी दोन कामांमधला फरक पाहू, कारण अडचण तिथेच आहे. सर्व्हिस डॉग किंवा सहाय्यक कुत्रा एकाच माणसासाठी तयार होतो. त्या माणसाला जे जमत नाही ते नेमकं काम त्याला शिकवलेलं असतं. अंध व्यक्तीला रस्त्यातला खड्डा टाळून नेणं, कर्णबधिर व्यक्तीला दारावरची बेल वाजल्याचं सांगणं, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देणं. थेरपी डॉग मालकासोबत रुग्णालयात, वृद्धाश्रमात, शाळेत जातो आणि तिथल्या अनोळखी लोकांना आपल्याला हात लावू देतो. आता गंमत बघा. पहिल्याला शिकवलेलं असतं की तुझा माणूस सोडून बाकी कोणाकडे लक्ष देऊ नकोस. म्हणूनच अंध व्यक्तीच्या गाईड डॉगला रस्त्यात कोणी कुरवाळू नये असा सगळीकडे दंडक आहे. कुत्र्याचं लक्ष एक क्षण हटलं तरी माणसाचा पाय गटारात जातो. दुसऱ्याला मात्र येईल त्या प्रत्येकाला जवळ येऊ दे असंच शिकवतात. दोन्ही धडे एकाच डोक्यात घालायचे, आणि कोणता कधी वापरायचा हेही त्याला कळलं पाहिजे.

गाईड डॉगच्या शाळांमध्ये घेतलेल्या पिल्लांपैकी बरीचशी, ढोबळमानाने निम्मी, शेवटपर्यंत टिकत नाहीत. कोणाचं खुब्याचं हाड कच्चं निघतं, कोणी फटाक्याला घाबरतं, आणि काही केवळ माणसांवर जीव टाकतात म्हणून बाद होतात. रस्त्यात कोणी दिसलं की शेपूट हलवत तिकडे. हीच पिल्लं पुढे उत्तम थेरपी डॉग होतात.

तरीही दोन्ही कामं केलेल्या कुत्र्याचं एक चांगलं उदाहरण आहे, आणि ते तुमच्या घरासारखंच आहे. अमेरिकेत सिएटल इथे एलन ओनील-स्टीफन्स या सरकारी वकील होत्या. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती आणि त्याच्या मदतीसाठी जीटर नावाचा प्रशिक्षित कुत्रा घरी आला. मुलाजवळ मदतनीस असायचा त्या दिवशी जीटर घरी नुसता बसून राहायचा. 2003 च्या सुमारास त्या त्याला अल्पवयीनांच्या न्यायालयात घेऊन जाऊ लागल्या. तिथे व्यसनाच्या प्रकरणात सापडलेली पोरं त्याच्याजवळ बसू लागली. पुढे अत्याचाराला बळी पडलेली लहान मुलं त्याच्या मानेवर हात ठेवून साक्ष द्यायला तयार झाली. तिथून न्यायालयांत कुत्रे ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि आज अमेरिकेत अनेक ठिकाणी ती रुळली आहे.

यात तुमच्यासाठी महत्त्वाचं वाक्य एकच : मुलाजवळ मदतनीस असायचा त्या दिवशी. जीटरचं पहिलं देणं त्या मुलाचं होतं, न्यायालयाच्या वाट्याला त्यातून उरलेला वेळ आला. मोती शाळेत जाईल तेव्हा यजमानांजवळ घरातलं जाणतं माणूस हजर असलंच पाहिजे. ‘तासाभराचाच प्रश्न आहे, हे बसून राहतील’ असं म्हणून निघू नका. दोन वर्षं मोतीच्या भरवशावर उठण्याची सवय झालेला माणूस, मोती नाही हे विसरून उठतो.

मोतीच्या बाबतीत एक गोष्ट सोपी आहे. त्याचं पहिलं काम घरात आहे, दुसरं घराबाहेर असेल. कुत्रा जागेवरून आणि अंगावरच्या वस्तूवरून फार लवकर ताडतो की आता आपल्याकडून काय हवंय. गाईड डॉगच्या अंगावर मूठ असलेला पट्टा चढला की तो गंभीर होतो, उतरला की अंगणात लोळतो. तुम्हीही शाळेसाठी वेगळ्या रंगाचा छाती-पट्टा ठेवा. तो शाळेच्या दारात घालायचा आणि शाळेच्या दारातच काढायचा. घरी सरावाची वेळ सोडली तर तो दिसताही कामा नये.

अवघड गोष्ट दुसरीच आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोतीला घरी जे शिकवलंय ते तो शाळेतही करणार. कोणी खुर्चीतून अडखळत उठलं की भुंकायचं, हे त्याने पक्कं डोक्यात घेतलंय. विशेष मुलांच्या वर्गात दर मिनिटाला कोणीतरी अडखळत उठतं. एखादं लेकरू वॉकर धरून उभं राहील आणि मोती त्याच्या तोंडाशी जाऊन भुंकेल. तुमच्या घरी हीच मोठी सेवा आहे. तिथे मात्र त्या लेकराची भीतीने गाळण उडेल आणि वर्ग महिनाभर मोतीचं नाव काढणार नाही. मोज्याचंही तसंच. कोणी त्याच्यापुढे पाय लांब केला की तो ओढणार. म्हणून शाळेत नेण्याआधी घरी हा सराव करून घ्या : मुलाने किंवा शेजारच्या कोणी वेगळ्या खोलीत खुर्चीतून उठायचं, मोतीच्या अंगावर शाळेचा पट्टा असायचा, आणि तो गप्प बसला की लगेच खाऊ द्यायचा. यजमानांच्या खोलीत पट्टा काढून उलट : ते उठले, तो भुंकला की खाऊ. दोन्ही जागी त्याला बरोबर उमजेपर्यंत शाळेचं नाव नको. याला महिना लागला तरी लागू द्या.

आता लेकरांना खरंच काय मिळतं? कुत्र्याने कोणतंही दुखणं बरं होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी 1960 च्या सुमारास एक निरीक्षण मांडलं. कोणाशीच न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेआधी आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता, आणि तो मुलगा कुत्र्याशी खेळता खेळता मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी हे व्यासपीठावर सांगितलं तेव्हा सहकाऱ्यांनी खिल्ली उडवली. 1962 मध्ये त्यांचा लेख छापून आला आणि पुढे याच कामाची एक शाखा तयार झाली. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, न्यू गिनीत विल्यम विन या सैनिकाने आजारपणात आपली स्मोकी नावाची इवलीशी यॉर्कशायर टेरियर जवळ ठेवली होती. तिथल्या परिचारिका तिला इतर जखमींकडेही घेऊन जाऊ लागल्या.

प्रत्यक्षात काम कसं चालतं ते पाहा. हाताचे स्नायू आखडलेल्या मुलाला ‘बोटं उघड’ म्हणून दहा वेळा सांगितलं तर तो कंटाळतो. त्याच्या हातात ब्रश दिला आणि कुत्र्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत फिरवायला सांगितलं, तर खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही लांबतात, आणि तो ते पुनःपुन्हा करतो, कारण कुत्रा डोळे मिटून घेतो. पट्ट्याचं बक्कल लावणं-काढणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलाने ‘बस’ म्हटलं आणि कुत्रा बसला की आपल्या शब्दाने काहीतरी घडतं हे त्याला पहिल्यांदा दिसतं. हे सगळं शाळेतल्या फिजिओथेरपिस्टने किंवा वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ठरवून द्यायचं असतं. कोणत्या मुलाने काय करायचं हे आधी लिहून ठेवा. नुसतं ‘कुत्रा आणला, लेकरं नाचली’ एवढ्यावर थांबू नका, तेवढ्यासाठी मोतीला त्रास देण्यात अर्थ नाही.

हे लिहिताना एक सुचतंय. यजमानांच्या उजव्या हाताचं काय? त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारा की रोज सकाळी उजव्या हाताने मोतीला ब्रश करण्याचा व्यायाम देता येईल का. डाव्या हाताचा आधार घेऊन सुरुवात करता येते. म्हणजे मोतीचं दुसरं काम शाळेच्या आधी तुमच्याच ओसरीवर सुरू होईल. इंग्लंडच्या ॲलन पार्टन या नौसैनिकाला 1991 च्या आखाती युद्धात डोक्याला जबर मार लागला. स्मृती गेली, बोलणं जवळजवळ गेलं, घरच्यांशी संबंध तुटल्यासारखा झाला. एंडल नावाचा लॅब्राडोर त्यांच्याकडे आला तो वस्तू आणून देणारा सहाय्यक म्हणून. पार्टन यांना शब्द सापडत नसत, म्हणून ते खुणा करत : डोक्याला हात लावला की टोपी, गालाला लावला की दाढीचं सामान. कुत्रा त्या खुणा शिकला, आणि त्याच्याशी खुणा करता करता माणूस पुन्हा माणसांशी बोलू लागला. 2001 मध्ये एका गाडीने पार्टन यांना खुर्चीवरून पाडलं, ते बेशुद्ध झाले. एंडलने त्यांना कुशीवर वळवलं, अंगावर पांघरूण ओढलं, गाडीखाली गेलेला फोन शोधून तोंडाजवळ आणला आणि मग हॉटेलकडे धावत भुंकत सुटला. वस्तू आणून देणं हे त्याचं शिकवलेलं काम होतं. जगण्याची ओढ परत आणण्याचं काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

एक कळकळीची सूचना इथेच. उठताना यजमानांना मोतीच्या पाठीवर भार टाकू देऊ नका. तीस किलोच्या लॅब्राडोरची पाठ माणसाचं वजन पेलायला बनलेली नाही. मणका दुखावला तर तो दोन्ही कामांतून जाईल आणि उरलेलं आयुष्य वेदनेत काढेल. भार टाकायला भिंतीला दांडी बसवा, मोतीला काठी आणू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न : आपल्याकडे कोण करतं? महाराष्ट्रात या कामाची वाट मुख्यत्वे मुंबईतल्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने पाडली. मीनल कविश्वर या मानसतज्ज्ञ मराठी बाईंनी ती उभी केली. विशेष मुलांच्या शाळांमध्ये, रुग्णालयांत प्रशिक्षित कुत्रे घेऊन जाणं त्यांनी सुरू केलं तेव्हा लोकांना हे नवलच वाटायचं. मुंबईच्याच शिरीन मर्चंट या प्रशिक्षक अनेक वर्षं अपंग व्यक्तींसाठी सहाय्यक कुत्रे घडवण्याचं काम करत आल्या आहेत. चेन्नईत ब्लू क्रॉस संस्थेने ‘डॉक्टर डॉग’ हा उपक्रम चालवला. मूळ कल्पना जिल रॉबिन्सन यांनी 1991 मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू केलेली. चेन्नईच्या उपक्रमातली मला सर्वांत आवडणारी बाब म्हणजे साध्या, गावठी कुत्र्यांनाही त्यात जागा मिळाली. आपल्या वऱ्हाडातल्या गल्लीतलं शांत स्वभावाचं, दत्तक घेतलेलं कुत्रंही हे काम करू शकतं. त्याला ऊनही लॅब्राडोरपेक्षा जास्त सोसतं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत हे सापडणार नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या वर जातो. तेव्हा डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि कुत्र्याच्या तळव्याला चप्पल नसते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर मोतीलाही चालवायचं नाही. लॅब्राडोरला घाम जवळजवळ येतच नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि उष्माघात त्याला मिनिटांत गाठतो. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत शाळेची फेरी बंद ठेवा किंवा सकाळी आठच्या आत उरका, तीही गाडीतून. उभ्या गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नका.

रस्त्यावरची कुत्री ही दुसरी अडचण. भारतात गाईड डॉग रुजले नाहीत याची जी कारणं जाणकार सांगतात त्यांत हे वरच्या क्रमांकाचं आहे. सातव चौकापासून पुढे पायी निघालात तर दर वळणावर एक टोळी असते, आणि पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्यावर ती आधी धावून येते. एका चाव्याने मोतीचा स्वभाव कायमचा बदलू शकतो. म्हणून शाळेपर्यंत रिक्षा किंवा स्वतःची गाडीच. आवाजाचंही पाहा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजेश्वराच्या कावडी निघतात तेव्हा ढोल-ताशांत मोती कसा वागतो? पलंगाखाली जाऊन थरथरत असेल, तर वर्गात अचानक किंचाळणाऱ्या मुलालाही तो बिचकेल. अशा कुत्र्याला घरीच राहू द्या. यजमानांचं काम तो छान करतोय, तेवढंही पुरे आहे.

आरोग्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण यात तडजोड नाही. रेबीजची लस दर वर्षी वेळेवर, इतर लसी पूर्ण, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. आपल्या भागात गोचिडांचा उपद्रव भारी आहे आणि त्यातून कुत्र्याला घातक ताप येतो. शाळेच्या आदल्या दिवशी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघाच. नखं कापलेली हवीत. कच्चं मांस खाऊ घालत असाल तर बंद करा. अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही 1977 पासून काम करणारी संस्था कच्च्या मांसावरच्या कुत्र्यांना या कामात घेतच नाही, कारण त्यांच्या लाळेतून-विष्ठेतून अशक्त मुलांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. मुलांनी आधी आणि नंतर हात धुवायचे. तोंड चाटू द्यायचं नाही. तपासणीसाठी तुम्हाला लांब जायची गरज नाही. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था अकोल्यातच आहे. तिथे मोतीला दाखवा, आपण कशासाठी विचारतोय ते सांगा, खुब्याची हाडंही तपासून घ्या आणि प्रकृतीचा दाखला लेखी मागा.

त्या दाखल्यावरून एक सावधगिरी. थोडे पैसे भरले की तुमचा कुत्रा ‘अधिकृत सर्व्हिस डॉग’ किंवा ‘इमोशनल सपोर्ट डॉग’ झाल्याचं ओळखपत्र घरपोच देणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. भारतात अशी सरकारी नोंदणी अस्तित्वात नाही, त्यामुळे त्या कार्डाला किंमत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहाय्यक कुत्र्यांसाठी वेगळं कलम नाही. जपानने 2002 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने सर्व्हिस डॉगला दुकानात, बसमध्ये, हॉटेलात प्रवेशाचा हक्क आहे, थेरपी डॉगला मात्र तिथेही नाही. त्याला त्या त्या जागेच्या परवानगीनेच जाता येतं. आपल्याकडे विमान कंपन्या प्रशिक्षित गाईड डॉगला नियमाप्रमाणे नेतात, रेल्वेत मात्र कुत्र्याला एसी फर्स्टची अख्खी कूपे घ्यावी लागते, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली पेटी. अपंग माणसाच्या कुत्र्याला पेटीत आणि माणसाला डब्यात बसवणारी ही व्यवस्था बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्यापुरतं : महापालिकेचा श्वान-परवाना, लसीकरणाची वही, शाळेचं संमतिपत्र आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती. काही मुलांना ॲलर्जी असते, काही घरांत कुत्रा चालत नाही. त्या मुलांना त्या वेळी दुसरं आवडीचं काम मिळालं पाहिजे, त्यांना नुसतं वर्गाबाहेर बसवू नका.

आणि मोतीला विचारायचं कसं? तो सांगतो, आपण बघायचं असतं. झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खाऊ नसताना ओठ चाटणं, मान वळवून दुसरीकडे बघणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे जाणं : यांतलं काहीही दिसलं की मुलाला हळूच बाजूला घ्या आणि मोतीला पाणी पाजा. ही चिन्हं लोकांना गोड वाटतात, फोटो काढले जातात, आणि मग एक दिवस कुत्रा गुरगुरतो तेव्हा सगळे म्हणतात की अचानक झालं. गळ्यात मिठी मारणं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. मुलांना छातीवर, मानेच्या बाजूला हात फिरवायला शिकवा. पेट पार्टनर्स दिवसाला दोन तासांची कमाल मर्यादा घालते. मोतीला सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत, एका वेळी एकच मूल, पट्टा तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या हातात. पट्टा शिक्षिकेच्या हाती देऊन चहाला जाऊ नका.

शाळेतून आल्यावर त्याला झोपू द्या. लोकांना वाटतं कुरवाळून घेण्यात कसले श्रम. पण अनोळखी वीस हातांखाली शांत राहणं हे कुत्र्यासाठी धावण्याइतकंच थकवणारं असतं. त्या संध्याकाळी यजमानांची काठी तुम्ही उचला.

पहिले दोन महिने एक वही ठेवा. शाळेच्या दुसऱ्या दिवशी काठी पडल्यावर मोती पूर्वीइतकाच तत्पर येतो का? यजमानांच्या हाकेऐवजी दारात आलेल्या पाहुण्याकडे धावतो का? शाळेचा पट्टा दिसल्यावर शेपूट हलते की तो मागे सरतो? यांतल्या पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचं ‘हो’ आलं, तर शाळा थांबवा आणि यजमानांचा सराव पुन्हा पक्का करा. पट्टा पाहून तो दोनदा मागे सरला, तर शाळा कायमची बंद. त्या बाईंना हे आजच सांगून ठेवा, म्हणजे उद्या थांबताना संकोच वाटणार नाही. लेकरांनाही आधीच सांगायला हवं की मोती पाहुणा आहे, आणि तो आठ-नऊ वर्षांचा झाला की त्याचं येणं थांबणार आहे.